हिमनदीने कोरलेला डोंगर कसा वाचावा: सुखी टॉपपासून तपोवनापर्यंत

उत्तरकाशीहून गंगोत्रीकडे जाताना गंगनानीच्या आसपास भागीरथीची दरी इतकी अरुंद होते की रस्त्याला कड्याच्या पोटातून वाट काढावी लागते आणि नदी खाली खोल, बहुतेक वेळा नजरेआडच वाहत असते. सुखी टॉपची वळणे चढून रस्ता पलीकडे झाला या गावाकडे उतरू लागतो, तेव्हा हेच खोरे एकाएकी रुंद होते. तळ सपाट असतो, नदी अनेक फाट्यांनी पसरलेली असते आणि दोन्ही बाजूंचे डोंगर तळापासून थेट उभे राहिलेले दिसतात. चारधाम यात्रेला जाणारी असंख्य मराठी कुटुंबे दरवर्षी हा बदल गाडीच्या खिडकीतून पाहतात, पण तो का झाला याची चौकशी सहसा कोणी करत नाही. आज गोमुखापाशी संपणारी गंगोत्री हिमनदी सुमारे साठ हजार वर्षांपूर्वी तिथून जवळजवळ ४० किलोमीटर खाली, म्हणजे झालाच्या परिसरापर्यंत पोहोचली होती, असे भूशास्त्रज्ञांचे संशोधन सांगते. झालाच्या वरच्या खोऱ्यावर त्या बर्फाचा हात फिरलेला आहे, तर खालचे खोरे मुख्यतः पाण्याने कापलेले आहे.

हा लेख गंगोत्री, गोमुख आणि तपोवन या वाटेवर जाणाऱ्यांसाठी आहे. बर्फाने केलेले काम कुठे, कसे आणि कोणत्या क्रमाने शोधावे, हे त्यात पायरीपायरीने मांडले आहे. दोन नियम मात्र आधीच सांगायला हवेत. एकट्या खुणेवरून निकाल देऊ नये; तीन वेगवेगळ्या खुणा एकाच दिशेने बोट दाखवत असतील तरच ‘हे हिमनदीचे काम’ असे म्हणावे. दुसरा नियम असा की प्रत्येक ठिकाणी कोणते काम आधी झाले आणि कोणते नंतर, हा प्रश्न विचारावा, कारण हिमालयात बर्फ, नदी आणि दरड हे तिघेही त्याच दरीत आलटून पालटून काम करत आले आहेत.

सह्याद्रीत फिरून तयार झालेल्या नजरेला इथे थोडी सवय बदलावी लागते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा अर्धवर्तुळाकार आहे आणि त्याचे छायाचित्र एखाद्या हिमगव्हराच्या, म्हणजे बर्फाने डोंगराच्या कुशीत कोरलेल्या खोलगट भागाच्या, चित्राशेजारी ठेवले तर फसायला होते; पण तो बेसाल्टच्या थरांची झीज आणि कडा मागे सरकण्याची क्रिया यांतून झालेला आहे, त्यात हिमनदीचा काहीही संबंध नाही. आकार सारखा असला तरी कारण सारखे असेलच असे नाही, ही गोष्ट हिमालयात पाऊल ठेवण्यापूर्वीच मनात पक्की असावी.

पहिली पायरी: बर्फ खडक कापतो कसा, हे समजून घ्या

बर्फ स्वतः मऊ असतो आणि शुद्ध बर्फ ग्रॅनाइटवर कितीही घासला तरी ओरखडा उठत नाही. कापण्याचे काम बर्फात अडकलेले दगड करतात. हिमनदीच्या तळाशी रुतलेले खडे, दगड आणि वाळू बर्फाच्या वजनाखाली कातळावरून ओढले जातात, आणि तळाचा बर्फ पॉलिश पेपरसारखा चालतो: बारीक कणांनी चकाकी येते, मोठ्या दगडांनी ओरखडे आणि खोबणी पडतात. या क्रियेला अपघर्षण म्हणतात. वजनाचा अंदाज सोप्या हिशेबाने येतो. बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे नऊ दशांश धरली तर २०० मीटर जाडीच्या बर्फाचा भार तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १८ किलो होतो.

दुसरी क्रिया उत्पाटनाची, म्हणजे खडकाचे तुकडे उचकटून नेण्याची. कातळात मुळातच सांधे आणि भेगा असतात. हिमनदी एखाद्या उंचवट्यावरून सरकते तेव्हा चढाच्या बाजूला दाब वाढतो आणि तिथला बर्फ किंचित वितळतो, कारण दाबाखाली बर्फाचा वितळणबिंदू अंशाच्या अगदी छोट्या भागाइतका का होईना, खाली येतो. ते पाणी उंचवटा ओलांडून उताराच्या बाजूला जाते, तिथे दाब कमी झाल्यामुळे पुन्हा गोठते आणि भेगांत शिरून खडकाला धरते. शिवाय उताराच्या बाजूला बर्फ आणि कातळ यांच्यामध्ये पोकळ्या तयार होतात. त्यांतील पाण्याचा दाब कमीजास्त होत राहिला की भेगा वाढत जातात आणि शेवटी आख्खे ठोकळे सुटून निघतात. सांधे जवळजवळ असलेल्या खडकात उत्पाटनाचा जोर चालतो, तर अखंड खडकात अपघर्षणाचा.

हे दोन्ही होण्यासाठी बर्फ तळावरून सरकायला हवा. अतिउंचावरच्या, कायम शून्याखाली असलेल्या उतारांवर बर्फ खडकाला गोठून चिकटलेला असतो, आणि तिथे तो खडक कापण्याऐवजी त्याचे रक्षणच करतो. म्हणून ‘जितके उंच आणि जितके थंड, तितकी झीज जास्त’ ही समजूत चुकीची आहे. झिजेचा जोर सहसा हिमनदीच्या मधल्या पट्ट्यात असतो, जिथे बर्फ जाड असतो, वेगाने वाहतो आणि तळाशी पाणी असते. झिजेचा वेग वर्षाला मिलिमीटरच्या अगदी लहान अंशापासून काही मिलिमीटरपर्यंत आढळतो. एक मिलिमीटर हा आकडा धरला तरी एक लाख वर्षांत १०० मीटर खडक जातो, आणि हिमयुगांची आवर्तने तर वीस लाखांहून अधिक वर्षे चालू आहेत.

दुसरी पायरी: घरी बसून नकाशा वाचा

निघण्यापूर्वी एक संध्याकाळ नकाशाला द्यावी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे, इस्रोचे ‘भुवन’ किंवा गूगल अर्थ यांपैकी काहीही चालेल, मात्र समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दिसायला हव्यात. दरीला आडवी छेदणारी एक रेषा सुखी टॉपच्या खाली, गंगनानीच्या बाजूला, आणि दुसरी हर्षिलजवळ ओढा. दोन्ही ठिकाणी समोच्च रेषांमधले अंतर मोजून कागदावर छेद काढा. पाण्याने कापलेल्या दरीत रेषा तळापासून वरपर्यंत साधारण सारख्या अंतरावर येतात आणि छेद इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा निघतो. बर्फाने कोरलेल्या दरीत तळाशी रेषा विरळ, बाजूच्या कड्यांवर एकदम दाट आणि त्याहून वर, जिथे एक प्रकारचा खांदा असतो तिथे, पुन्हा विरळ होतात. हा ‘यू’ आकार. हिमालयात तो पाठ्यपुस्तकातल्यासारखा नितळ क्वचितच मिळतो, कारण बर्फ गेल्यानंतर कड्यांवरून पडलेल्या घसाऱ्याने तळाचे दोन्ही कोपरे भरून टाकलेले असतात. छेद काढताना हा घसारा डोळ्यांआड करून कातळाची रेषा कुठून जात असेल, याचा अंदाज बांधावा.

याच नकाशावर गंगोत्री हिमनदीचा माग काढा. चौखंबाच्या (७,१३८ मीटर) पायथ्यापासून वायव्येकडे सुमारे ३० किलोमीटर येणारा हा बर्फाचा पट्टा आहे. रक्तवर्ण, चतुरंगी, कीर्ती आणि मेरू ही बाजूच्या हिमनद्यांची नावे नकाशावर ‘बामक’ या गढवाली शब्दासह दिसतील. रक्तवर्ण आणि चतुरंगी या एकेकाळच्या उपनद्या आता मुख्य हिमनदीपासून तुटलेल्या आहेत. त्या जिथे मिळत असत, तिथे नकाशावर खूण करून ठेवा, कारण तपोवनाच्या बाजूने पाहताना ही जागा ओळखायची आहे.

जाण्याच्या काळाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मे-जूनमध्ये खडक बर्फाखाली असतो, जुलै-ऑगस्टमध्ये दरडींचा धोका आणि ढग असतात. खडक वाचायचा असेल तर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ निवडावा. गोमुखाची वाट गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून जाते, दिवसाला १५० जणांनाच परवाना मिळतो, आणि तो आधी काढून ठेवणे शहाणपणाचे असते.

तिसरी पायरी: सुखी टॉप ते हर्षिल

सुखी टॉपच्या उतारावर, गाडी सुरक्षितपणे थांबवता येईल अशा जागी उतरून पुढच्या खोऱ्याकडे बघावे. पहिले लक्ष बाजूच्या डोंगरसोंडांकडे द्यावे. नदीच्या दरीत सोंडा एकमेकींत अडकवल्यासारख्या आलटून पालटून पुढे येतात आणि नदी त्यांना वळसे घालत जाते. हिमनदी अशी वळसे घेत नाही; ती जाड आणि ताठर असल्याने आड आलेल्या सोंडांची टोके छाटून टाकते. त्यामुळे वरच्या खोऱ्यात सोंडा दरीच्या काठाशीच त्रिकोणी कड्यांत संपलेल्या दिसतात आणि नजर लांबवर सरळ जाते.

हर्षिलचा सपाट तळ हा हिमनदीचा थेट पुरावा म्हणून घेऊ नये. तो तळ कातळाचा नाही; बर्फाने खोल केलेल्या दरीत नंतर साठलेल्या गाळाचा, गोट्यांचा आणि बाजूच्या ओढ्यांनी आणलेल्या राडारोड्याचा आहे. इथले गाड, म्हणजे ओढे, मुख्य दरीत शिरताना पंख्यासारखा पसरलेला गाळ टाकतात आणि शेतीसाठी, वस्तीसाठी सपाट जागा हवी म्हणून गावे नेमकी त्याच पंख्यांवर वसलेली आहेत. ५ ऑगस्ट २०२५ रोजी खीर गाडमधून आलेल्या चिखल-दगडांच्या लोंढ्याने धराली गावाचा मोठा भाग गाडला गेला, ते गाव अशाच पंख्यावर आहे. हिमनदी मागे हटली की तिने सोडलेला सुटा माल उंचावरच्या खोऱ्यांत पडून राहतो, आणि उतार तीव्र असल्याने तो खाली येण्याची शक्यता हजारो वर्षे टिकते. भूरूप वाचता येणे हा नुसता छंद नाही, याची आठवण इथे थांबल्यावर आपोआप होते.

चौथी पायरी: लोंबती दरी पायांनी ओळखा

मुख्य हिमनदी जाड असते, तिला मिळणारी उपनदी, म्हणजे बाजूची हिमनदी, पातळ. दोन्हींच्या बर्फाचे पृष्ठभाग एकाच पातळीवर मिळतात, पण तळ वेगवेगळ्या खोलीवर कोरले जातात. बर्फ वितळला की उपनदीची दरी मुख्य दरीच्या भिंतीत वरच्या मजल्यावर उघडलेली राहते. तिला लोंबती दरी म्हणतात, आणि तिच्या तोंडातून बहुधा धबधबा किंवा अतितीव्र उताराची घळ खाली येते.

गंगोत्री मंदिराजवळ भागीरथीला मिळणारी केदारगंगा हे यातले सोयीचे उदाहरण आहे. केदारतालकडे (सुमारे ४,७५० मीटर) जाणारी वाट गावाबाहेर पडताच छातीवर येणारी चढण घेते, आणि बरेच चढून गेल्यावर वरची दरी त्या मानाने सौम्य होत जाते. नकाशावर केदारगंगेचा लांबीच्या दिशेने छेद काढला तर मुखाजवळ तो एकदम कोसळतो. नदीच्या साध्या संगमात असे सहसा होत नाही, कारण उपनदी मुख्य नदीच्या पातळीला हळूहळू जुळवून घेते. तरीही सावधगिरी हवी: मऊ-कठीण खडकाच्या सीमेवर किंवा भ्रंशरेषेवरही, म्हणजे खडक तुटून सरकला आहे अशा रेषेवरही, असा टप्पा पडू शकतो. वरच्या दरीचा छेद ‘यू’ आहे का आणि तिथे हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेले दगडमातीचे ढीग, आहेत का, हे पाहिल्यावरच निर्णय द्यावा.

गंगोत्रीतच एक उलटे उदाहरण आहे. मंदिराखाली, सूर्यकुंड आणि गौरीकुंडाच्या बाजूला, भागीरथी फिकट ग्रॅनाइटमध्ये अगदी अरुंद फट कापून वाहते आणि तिच्या काठांवर गुळगुळीत, गोल रांजणखळगे आहेत. खडक गुळगुळीत आहे म्हणून तो हिमनदीने घासला असे समजू नये. गरगर फिरणाऱ्या पाण्यातल्या दगडगोट्यांनी पडलेले खळगे गोल आणि खोल असतात, त्यांच्या भिंती वळणदार असतात आणि त्यांवर सरळ, समांतर रेघा नसतात. निघोजच्या कुकडी नदीतले रांजणखळगे पाहिलेल्यांना हे लगेच पटेल. रुंद दरी बर्फाची आणि तिच्या तळातली ही चिंचोळी फट नंतरच्या नदीची, असा इथला क्रम आहे.

पाचवी पायरी: कातळावर वाका

गंगोत्री ते गोमुख ही वाट १८ किलोमीटरची आहे. चिरबासा ९ किलोमीटरवर, भोजबासा १४ किलोमीटरवर. या अंतरात उघड्या कातळाचे उंचवटे शोधत जावे. हिमनदीने घडवलेल्या उंचवट्याला मेषशिला म्हणतात आणि तिच्या दोन बाजू दोन स्वभावांच्या असतात. बर्फ ज्या बाजूने आला ती, म्हणजे वरच्या खोऱ्याकडची बाजू, सौम्य उताराची आणि घासलेली असते. खालची बाजू तुटलेली, पायऱ्यापायऱ्यांची, सांध्यांवर उचकटलेली असते. पहिल्या पायरीतल्या दोन्ही क्रिया एकाच दगडावर शेजारी शेजारी पाहायला मिळतात आणि बर्फाच्या प्रवाहाची दिशा कळते. गोमुखाकडे चालताना आपण बर्फाच्या प्रवाहाविरुद्ध जात असतो, त्यामुळे समोर आधी तुटकी बाजू येते आणि घासलेली बाजू मागे वळून पाहिल्यावर दिसते. चालताना मान वळवण्याची सवय ठेवली नाही तर यातल्या निम्म्या खुणा निसटतात.

ओरखडे पाहण्यासाठी उजेड तिरपा हवा. भरदुपारी चकाकणाऱ्या ग्रॅनाइटवर काहीच दिसत नाही. सकाळी लवकर किंवा उन्हे उतरताना त्याच दगडावर रेघा उठून येतात. बाटलीतले थोडे पाणी कातळावर ओतून बोटांची टोके रेघांना आडवी फिरवावीत. हिमनदीच्या रेघा बऱ्याच अंशी समांतर असतात, त्यांची खोली एका मिलिमीटरहून कमी ते काही मिलिमीटर असते आणि दगडाचा पोत, त्यातली खनिजे, शिरा यांची पर्वा न करता त्या सरळ जातात. मधूनच एखादी रेघ खोल होत जाऊन एकदम थांबलेली आढळते. तिथे घासणारा खडा मोडला, उलटला किंवा बर्फात वर ढकलला गेला, असे समजावे. होकायंत्राने पाच-सहा रेघांची दिशा घ्यावी आणि दरीच्या दिशेशी ताडून पाहावी. दोन्ही जुळल्या तर पुरावा भक्कम होतो.

फसवणाऱ्या रेघाही असतात. भ्रंशावर दोन खडक एकमेकांवर घासले गेल्यानेही चकाकी आणि ओरखडे येतात, पण ते पृष्ठभाग खडकाच्या आत शिरतात, त्यांवर बारीक पायऱ्या आणि कित्येकदा खनिजाचा पातळ लेप असतो. पट्टिताश्म म्हणजे नाइस या खडकातल्या मूळच्या पट्ट्यांनाही नवखे लोक ओरखडे समजतात. पट्टा दगड फोडल्यावर आतही दिसतो, ओरखडा फक्त वरच असतो. बारीक सांध्यांच्या, लवकर झिजणाऱ्या खडकावर रेघा फार टिकत नाहीत, त्यामुळे रेघा नसणे हा हिमनदी नसल्याचा पुरावा होत नाही.

असे ओरखडे पाहण्यासाठी हिमालयातच जावे लागते असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच भूशास्त्रज्ञांना हिमनदीने घासलेला, रेघा उठलेला चुनखडक आणि त्यावर बसलेला गोट्यांचा थर सापडला. तो तालचीर काळातला, म्हणजे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा भारत दक्षिण ध्रुवाजवळच्या गोंडवन भूखंडाचा भाग होता. भागीरथीच्या खोऱ्यातले ओरखडे काही हजार वर्षांचे, विदर्भातले तीस कोटी वर्षांचे, पण घासण्याची रीत तीच.

सहावी पायरी: हिमोढ की दरड?

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. वाटेवर मातीत रुतलेल्या लहानमोठ्या दगडांचे ढीग पदोपदी लागतात, आणि ते हिमनदीने आणून टाकलेले हिमोढ आहेत, कड्यावरून आलेली दरड आहे की ओढ्यातून आलेला लोंढा आहे, हे दुरून सांगता येत नाही. जवळ जाऊन चार गोष्टी तपासाव्यात.

ढिगातले दगड एका जातीचे आहेत की अनेक, हे आधी पाहावे. दरडीत बहुतेक दगड वरच्याच कड्याचे असतात. हिमोढात वीस-तीस किलोमीटरवरचे दगडही येऊन मिसळतात. शिवलिंग आणि भागीरथी शिखरे फिकट रंगाच्या ग्रॅनाइटची आहेत, तर भागीरथी शिखरांच्या माथ्यावर काळपट गाळखडकाची टोपी आहे. खालच्या खोऱ्यात, ज्या कड्याखाली असा खडकच नाही तिथे, या दोन्ही जातींचे दगड शेजारी सापडले तर वाहून आणणारा कोण, याचे उत्तर जवळ येते. मग दगडांच्या कडा बघाव्यात: दरडीतल्या धारदार असतात, नदीतल्या गोल, आणि हिमनदीच्या तळातून आलेल्या दगडांच्या कडा बोथट होऊन एखादी बाजू सपाट घासलेली, क्वचित ओरखडे पडलेली असते. मात्र बर्फाच्या पाठीवरून आलेला दगड तळाशी घासलाच जात नाही, तो धारदारच राहतो. आणि हिमालयात असा माल फार असतो, कारण उभ्या कड्यांवरून दगड सतत बर्फावर पडत असतात. त्यामुळे केवळ कडांवर भरवसा ठेवू नये.

तिसरी तपासणी थरांची. नदी गाळाची प्रतवारी करते, म्हणून तिच्या साठ्यात वाळूचे आणि गोट्यांचे वेगळे थर दिसतात. हिमोढात पिठासारख्या बारीक मातीपासून खोलीएवढ्या धोंड्यापर्यंत सगळे एकत्र कालवलेले असते. लोंढ्यातही असेच असते, म्हणून चौथी तपासणी आकाराची करावी लागते: लोंढ्याचा साठा ओढ्याच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरतो, दरड कड्याच्या पायथ्याशी उताराला टेकून बसते, तर पार्श्व हिमोढ दरीच्या बाजूने समांतर, लांबलचक बांधासारखा जातो आणि अंत्य हिमोढ दरीला आडवा, खालच्या दिशेने फुगलेल्या कमानीसारखा असतो. भोजबासाच्या परिसरात गेल्या काही शतकांतले हिमोढ आहेत. त्यांवरची झाडी आणि दगडांवरची शैवाके (लायकेन) ताज्या हिमोढांपेक्षा दाट असतात, आणि वयाचा ढोबळ क्रम लावायला एवढी खूण पुरते.

हिमोढाचा बांध कायमचा मजबूत नसतो, हे केदारनाथने दाखवून दिले. १७ जून २०१३ च्या सकाळी चोराबारी हिमनदीच्या बाजूचा हिमोढ फुटून त्यामागे साठलेले पाणी खाली आले. सुट्या दगडमातीच्या बांधामागे पाणी साचलेले दिसले तर त्याच्या खालच्या अंगाला मुक्काम करू नये.

सातवी पायरी: गोमुख

पांढऱ्याशुभ्र बर्फाची अपेक्षा ठेवून येणारे इथे गोंधळतात. हिमनदीचा खालचा भाग दगडमातीने झाकलेला असून दुरून तो खाणीच्या राडारोड्यासारखा दिसतो. बर्फ दिसतो तो मुखाच्या तुटलेल्या भिंतीत. दगडांचा थर काही सेंटिमीटरहून जाड असला तर तो खालच्या बर्फाला उन्हापासून वाचवतो, अगदी पातळ असला तर उलट ऊन शोषून बर्फ लवकर वितळवतो. हिमनदीची पाठ खड्ड्याखड्ड्यांची, टेकाडांची होते ती या असमान वितळण्यामुळे.

नदीचे पाणी पारदर्शक बाटलीत भरून घ्या. ते राखाडी, दुधट असते. घासलेल्या खडकाचे हे पीठ इतके बारीक असते की बाटली तासभर स्थिर ठेवूनही पाणी पूर्ण निवळत नाही. वरच्या डोंगराची झीज आत्ता, डोळ्यांदेखत चालू असल्याचा याहून सोपा पुरावा नाही. शेजारच्या झऱ्याचे पाणी दुसऱ्या बाटलीत घेऊन तुलना केली तर फरक लगेच कळतो.

गंगोत्री हिमनदीचे मुख १९३५ मध्ये नकाशावर नोंदले गेले, आणि तेव्हापासून ते दीड किलोमीटरहून अधिक मागे गेले आहे. अर्थात मुखासमोरच्या दगडगोट्यांच्या मैदानावर आपण उभे राहतो, ती जागा शंभर वर्षांपूर्वी बर्फाखाली होती. म्हणून ओरखडे आणि हिमोढ यांचे सगळ्यांत ताजे नमुने इथे मिळतात. मात्र मुखाच्या भिंतीजवळ जाऊ नये. बर्फाचे मोठे तुकडे कोणतीही सूचना न देता कोसळतात.

आठवी पायरी: तपोवनातून वर आणि मागे पाहा

तपोवन सुमारे ४,४५० मीटरवर, शिवलिंगाच्या पायथ्याशी आणि गंगोत्री हिमनदीच्या पार्श्व हिमोढाच्या मागे वसलेले पठार आहे. हिमोढाच्या काठावरून, काठापासून सुरक्षित अंतर राखून, खाली पाहिले की हिमनदीचा आजचा पृष्ठभाग किती खाली गेला आहे ते दिसते. बांधाचा माथा म्हणजे बर्फ फुगलेला असतानाची पातळी. तेव्हापासून हिमनदी नुसती आखूड झालेली नाही, पातळही झाली आहे. समोरच्या बाजूला नकाशावर खूण केलेली रक्तवर्ण आणि चतुरंगीची तोंडे शोधावीत: मुख्य बर्फापर्यंत न पोहोचलेल्या या दऱ्या म्हणजे घडत असलेल्या लोंबत्या दऱ्या आहेत.

आता नजर वर न्यावी. शिखराच्या कुशीत, बर्फ साठतो तिथे, आरामखुर्चीसारखा खोलगट भाग असतो, ते हिमगव्हर. त्याच्या मागच्या भिंतीवर पाणी भेगांत गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि खडक फोडते. सुटलेले तुकडे बर्फ वाहून नेतो आणि त्यांनीच गव्हराचा तळ घासतो. त्यामुळे गव्हर एकाच वेळी मागे सरकते आणि खोल होते. बर्फ गेल्यावर अशा खोलगट भागात किंवा हिमोढाच्या बांधामागे ताल, म्हणजे तलाव, उरतो. दोन गव्हरे पाठीला पाठ लावून मागे सरकली की मधली भिंत पातळ होऊन करवतीसारखी धार राहते. तिला शुककूट म्हणतात. तीन-चार बाजूंनी गव्हरे चाल करून आली की मध्ये सुळका उरतो, तो गिरिशृंग. ६,५४३ मीटरचा शिवलिंग या रूपाचे देखणे उदाहरण आहे, आणि त्याच्या उभ्या भिंती टिकल्या आहेत त्याचे श्रेय निम्मे तरी अखंड ग्रॅनाइटला द्यायला हवे. हाच बर्फ ठिसूळ पाटीच्या दगडावर असता तर असा सुळका उभा राहिला नसता.

चालताना आणि टिपताना

हिमोढाचा आतला, हिमनदीकडचा उतार कायम सुटता असतो. दगडांखाली बर्फ असेल तर एखाद्यावर पाय देताच चार दगड निघतात. दोघांनी एकाखाली एक चालू नये. वितळलेल्या पाण्याचे ओढे दुपारनंतर फुगतात, तेव्हा ते सकाळीच ओलांडावेत. गोमुख ते तपोवन हा टप्पा स्थानिक वाटाड्याशिवाय करू नये, कारण बर्फावरची वाट दर हंगामात सरकते. २०१७ च्या जुलैमध्ये मेरू बामकाच्या बाजूने आलेल्या राडारोड्याने मुखाजवळचा भागच बदलून गेला होता, त्यामुळे जुन्या वर्णनांवर विसंबू नये.

वहीत प्रत्येक जागेसाठी जीपीएसवरचे स्थान, उंची, होकायंत्राची दिशा आणि एक कच्ची आकृती एवढे पुरे. छायाचित्रात मोजमापासाठी पेन किंवा होकायंत्र ठेवावे आणि वरच्या खोऱ्याची दिशा बाणाने दाखवावी. नाहीतर घरी आल्यावर घासलेली बाजू कोणती आणि तुटकी कोणती, हेच कळत नाही. शेजारच्या रकान्यात त्या जागेबद्दलचा निष्कर्ष आणि तो खोटा ठरवू शकेल अशी एक तरी शक्यता लिहावी, उदाहरणार्थ ‘पार्श्व हिमोढ, पण वरच्या कड्याला ताजी फूट दिसते, दरडही असू शकेल’. परतीच्या वाटेवर, उजेड दुसऱ्या बाजूने पडत असताना, शंकेची ठिकाणे पुन्हा पाहावीत. ओरखड्यांच्या बाबतीत ही दुसरी पाहणी बऱ्याचदा पहिलीपेक्षा जास्त दाखवते.